ऐकायची गावं

दिवाळीची सुट्टी लागली की सातारा-सांगलीच्या गाड्या पश्चिमेला तोंड करतात. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-गुहागर, नाहीतर आंबा घाटानं रत्नागिरी-गणपतीपुळे. रजा जास्त शिल्लक असली तर मजल मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जाते. घाटमाथ्यावरच्या माणसाला समुद्राची ओढ असतेच, कारण आमचं पाणी सह्याद्रीनं उलट्या दिशेला लावलंय. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तेव्हा अरबी समुद्र तिथून जेमतेम 64 किलोमीटरवर असतो. पण ती तिकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते.

अलीकडे सुट्टीतली ही वाट आणखी लांब गेली आहे. पुद्दुचेरी, फोर्ट कोची अशी नावं आता आमच्या गल्लीतही ऐकू येतात. सकाळी किनाऱ्यावर फिरायचं, दुपारी चित्रांची दालनं आणि मातीच्या भांड्यांची दुकानं बघायची, संध्याकाळी एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात गाणं ऐकायचं. पाणी आणि कला एका गावात भेटतात, याचं माणसाला अप्रूप वाटतं. मला ते समजतं आणि पटतंही. म्हणूनच सांगावंसं वाटतं, की पाणी आणि कला एकत्र नांदवणारा असा एक काठ आपल्याच दोन जिल्ह्यांतून वाहतो आहे आणि आपण पुलावरून गाडी न थांबवता त्याला ओलांडून जातो.

याचं एक कारण साधं आहे. सांगली-मिरजेला आलेला पाहुणा दोन तासांत गणपतीचं देऊळ पाहतो, दर्ग्यात डोकं टेकवतो, भडंगाचा पुडा घेतो आणि विचारतो, आता आणखी काय बघायचं? त्याचं काही चुकत नाही. इथं बघायचं खरोखरच थोडं आहे. या गावांनी पावणेदोनशे वर्षांत जे घडवलं ते नाटक होतं, गाणं होतं आणि ते गाणं ज्यावर उभं राहतं ती वाद्यं होती. नाटक संपलं की पडदा पडतो, मैफल संपली की सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि तंबोरा तयार झाला की तो कलकत्त्याला नाहीतर परदेशी कुणाच्या घरी जातो. मागे गावात उरतात घडवणारे आणि ऐकणारे. ही गावं बघायची नाहीत, ऐकायची आहेत. तेवढा वेळ घेऊन आलं तर ती कुठल्याही किनाऱ्यावरच्या कलानगरीला उणी पडत नाहीत, असं माझं मत आहे आणि ते मी पूर्ण गांभीर्यानं मांडतो आहे.

नदीच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात, डोळ्यांनी बघायचं मात्र भरपूर आहे. वाईचे घाट आहेत, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेला ढोल्या गणपती आहे. पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरणारा घाट. तिथं टांगलेली मोठी घंटा 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर तिकडच्या चर्चमधून आली. 'स्वदेस'मध्ये हा घाट दिसल्यापासून तिथं छायाचित्रं काढणाऱ्यांची गर्दी असते. खाली क्षेत्र माहुलीला वेण्णा येऊन मिळते, कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येऊन एकमेकींना भेटतात. या सगळ्यावर पुष्कळ लिहून झालंय आणि ते योग्यच झालंय. मला थांबायचंय ते याच्याही खाली, जिथं डोंगर मागे राहतात, नदी रुंद आणि संथ होते, काठाला ऊस आणि काळी जमीन लागते.

सांगली तशी वयानं लहान. 1801 मध्ये चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या घरापासून वेगळे झाले आणि कृष्णेच्या काठी त्यांनी आपली राजधानी मांडली. गणेशदुर्ग उभा राहिला. 1811 मध्ये नदीजवळ गणपतीच्या देवळाचं काम सुरू झालं आणि ते तीस वर्षांहून जास्त चाललं. काळ्या दगडाचं ते देऊळ, पुढचं मोठं पटांगण आणि मागे नदी, हा सांगलीचा मूळ गाभा आहे. जुन्या राजधान्यांना पिढीजात कीर्ती असते, मोठी घराणी असतात. सांगलीकडे यातलं काही नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच इथल्या दरबाराला काहीतरी नवं करून बघायची मोकळीक मिळाली.

ते नवं 1843 मध्ये घडलं. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. गाणारे सूत्रधार, सोंगं, राक्षसांचा थयथयाट असा तो प्रकार. चिंतामणरावांना तो आवडला, पण त्यातलं ओबडधोबडपण खटकलं. असं काही मराठीत, नीट बेतून करता येईल का, असं त्यांनी पदरच्या एका तरुणाला विचारलं. तो तरुण म्हणजे विष्णू अमृत भावे. हाताचा कसबी माणूस. लाकडाच्या बाहुल्या घडवणं आणि त्या दोऱ्यांनी नाचवणं त्याला येत होतं, पदं रचायलाही येत होतं. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर'चा खेळ झाला. आजही मराठी रंगभूमी दिन याच तारखेला साजरा होतो.

तो खेळ कसा असेल, याची कल्पना करायला मला नेहमी आवडतं. संवाद लिहिलेले नव्हते. सूत्रधार पदं गायचा आणि पदातून कथा पुढे सरकायची. पात्रं त्या पदाचा अर्थ आपापल्या शब्दांत, तिथल्या तिथं बोलायची. विदूषक मधे येऊन सूत्रधाराला छेडायचा. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत, तलवारी परजत यायची. म्हणजे मराठी नाटक जन्मलं तेच मुळी गात गात जन्मलं, लिखित शब्द त्याला मागून मिळाला. किर्लोस्करांच्या संगीत नाटकाची चर्चा करताना ही गोष्ट आपण विसरतो.

पुढची घटना मला याहून महत्त्वाची वाटते. 1851 मध्ये चिंतामणराव वारले. आश्रय सुटला. भाव्यांपुढे दोन वाटा होत्या, हे सगळं बासनात बांधायचं किंवा नटसंच घेऊन बाहेर पडायचं. ते बाहेर पडले. 1853 मध्ये त्यांचे खेळ मुंबईत झाले, ग्रँट रोडच्या नाट्यगृहातही झाले आणि लोकांनी तिकीट काढून ते पाहिले. राजवाड्यात चार मानकऱ्यांपुढे होणारी गोष्ट अशी बाजारपेठेच्या गावात, परक्या प्रेक्षकांपुढे गेली. मराठी माणूस आज स्वतःच्या खिशातले पैसे देऊन नाटकाला जातो, ही सवय महाराष्ट्राला ज्यांनी लावली त्यांत एका निराधार झालेल्या सांगलीकराचा वाटा फार मोठा आहे. भाव्यांनी घडवलेल्या त्या बाहुल्या नंतर पेट्यांत पडून होत्या. रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा हलत्या-बोलत्या केल्या, ही आपल्या काळात झालेली एक अतिशय मोलाची गोष्ट.

एकदा वाट पडली की माणसं येत राहतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. 1907 मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आलं आणि इंग्रज सरकारला त्यातला कीचक नेमका कोण हे कळायला फार वेळ लागला नाही. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. 'मानापमान', 'स्वयंवर' पुढची. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले. दीनानाथ मंगेशकरांनी 1930 च्या दशकात इथं बिऱ्हाड केलं, 'बळवंत' या आपल्या मंडळीचं बोलपटांचं धाडस इथूनच केलं आणि ते त्यांना महाग पडलं. लताबाईंच्या लहानपणाची वर्षं याच गावात गेली, आशाबाईंचा जन्म इथला. नदीच्या वरच्या अंगाला, वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षला, पठ्ठे बापूराव जन्मले. कुलकर्ण्यांच्या घरातला हा मुलगा जातीची भिंत ओलांडून तमाशात गेला आणि तमाशाचाच झाला. त्याच वाळवा तालुक्यातलं वाटेगाव अण्णाभाऊ साठ्यांचं. दरबारी रंगभूमी आणि गावकुसाबाहेरचा फड एवढ्या जवळजवळ पिकलेला दुसरा मुलूख मला महाराष्ट्रात माहीत नाही.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 5 नोव्हेंबरला भाव्यांच्या नावाच्या नाट्यगृहात एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. तो मान मोठा आहे आणि तो घेताना भलेभले नट गहिवरतात. पण नाट्यपंढरी बघायची असेल तर मी पाहुण्याला त्या समारंभापेक्षा एखाद्या तालमीला नेईन. एकांकिका आणि राज्य नाट्यस्पर्धेचा मोसम जवळ आला की शाळेचा वर्ग, कार्यालयाची गच्ची, देवळाचा सभामंडप, मिळेल त्या जागी संध्याकाळी तालमी सुरू होतात. दिवसभर बँकेत, बाजार समितीत, औषधाच्या दुकानात काम केलेली माणसं हातात चुरगळलेली संहिता घेऊन उभी असतात. कुणी नवखा दाराशी येऊन बसला तर त्याला कुणी हाकलत नाही, चहा मात्र मिळतो. या तालमींना पुरेशी हक्काची जागा हे गाव आजही देऊ शकलेलं नाही आणि पदकाच्या सोहळ्यात ही खंत दरवर्षी झाकली जाते, असं मला वाटतं.

गणपतीच्या देवळामागून नदीवर उतरलं की काठाकाठानं घाट लागतात, माई घाट, सरकारी घाट, विष्णू घाट. डावीकडे-उजवीकडे पाहिलं की 1929 चा आयर्विन पूल दिसतो. सांगलीकरांसाठी हा पूल म्हणजे नदीची फूटपट्टी. पावसाळ्यात गावभर एकच प्रश्न असतो, आयर्विनला किती फूट? 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याआधी 2005, त्यानंतर 2021. नदीनं हे गाव वसवलं आणि नदीच त्याचा हिशेब घेते. 1869 पासूनचं सांगलीचं नगर वाचनालय 2019 च्या पुरात बुडालं. कपाटांत फुगून बसलेली पुस्तकं, दुर्मीळ अंकांचा झालेला लगदा ज्यांनी हातांनी बाहेर काढला त्यांना मी भेटलो आहे. त्यावर बोलताना त्यांचा आवाज अजून नीट निघत नाही. पाण्याच्या काठी राहण्याची किंमत समुद्रकाठच्या गावांना ठाऊक असते. आमच्याकडे ती आपण फक्त घरांच्या पडझडीत मोजतो आणि बुडालेल्या पुस्तकांचा, नाटकाच्या सामानाचा, भिजलेल्या वाद्यांचा पंचनामा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कोकणात पुळण असते तसं कृष्णेला पूर्वी मोठं वाळवंट होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की मुलं तिथं खेळायची, कलिंगडाच्या वाड्या लागायच्या. उपशानं ती वाळू गेली. आता बहुतेक ठिकाणी थेट गाळ आणि खोल पाणी. आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यानं मनावर घ्यायला हवी. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या डोहांत मगरी आहेत. उन्हाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, माणसांवर हल्लेही झाले आहेत. तेव्हा या काठावर बसावं, नावेत जावं, पण ओळखीच्या घाटावर माहीतगारांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

सांगलीहून हरिपूर चारेक किलोमीटर. हा रस्ता चालत जावा. दोन्ही बाजूंना जुनी चिंचेची झाडं आहेत. श्रावणातल्या सोमवारी अख्खी सांगली या रस्त्यानं पायी संगमेश्वराला जाते, वाटेत खेळणी, पेढे, भाजलेली कणसं मांडलेली असतात. देवळाच्या खाली वारणा येऊन कृष्णेला मिळते. दोन्ही प्रवाहांचे रंग पावसाळ्यात वेगळे दिसतात आणि थोडं अंतर ते तसेच शेजारून वाहतात.

याच हरिपुरात 1855 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म झाला. त्यांचं 'संगीत शारदा' 1899 मध्ये आलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात पैशासाठी बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची ही गोष्ट. त्याआधीची बहुतेक मराठी संगीत नाटकं पुराणातून नाहीतर संस्कृतातून कथा आणत होती. देवलांनी ती समोरच्या घरातून उचलली आणि घरातल्या भाषेत सांगितली. नाटक इथल्याच पारावर बसून लिहिलं, असं गावातले लोक सांगतात. तो पार दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असतो त्यापुढे पुरावा मागायची इच्छा होत नाही. 'शारदा' पुन्हा वाचून मग या गावातून चालावं. अरुंद बोळ, नदीकडे उतरणारी घरं, ओट्यावरच्या बायकांचं बोलणं या सगळ्यातून त्या नाटकातला समाज कुठून आला असेल याचा अंदाज येतो.

हरिपूरची दुसरी ओळख हळदीची. सांगली ही हळदीची मोठी पेठ आणि तिची साठवण व्हायची हरिपूरच्या पेवांत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंड लहान आणि पोट मोठं असलेलं कोठार. इथली माती घट्ट, आत ओल धरत नाही. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं ती टिकायची. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं तेव्हापासून बाद झाली. जिथं कोट्यवधींचा माल जमिनीखाली विश्वासानं ठेवला जायचा, तिथून आज सहज चालत जाता येतं आणि काही कळतही नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या पेवांपैकी निदान एखाददुसरं नीट करून लोकांना दाखवता आलं असतं. अजूनही येईल.

आता मिरज. सांगलीपासून दहा किलोमीटर, मधली हद्द आता कळतही नाही. बाहेरच्यांना मिरज दोन गोष्टींसाठी माहीत, रेल्वेचं जंक्शन आणि दवाखाने. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि गाव औषधपाण्यासाठी प्रसिद्ध झालं. गंमत अशी की मिरजेच्या औषधपाण्यानं संगीतालाही माणसं दिली. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून उपचारासाठी मिरजेला आणला गेला. दृष्टी पुरती परत आली नाही, पण इथं त्याला गुरू म्हणून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर भेटले. तो विष्णू दिगंबर पलुसकर. 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं सामान्य घरातल्या मुलामुलींसाठी खुलं केलं. नारायण राजहंस नावाच्या मुलाचा कान दुखत होता, शाहू महाराजांनी त्याला मिरजेला वॉन्लेसांकडे पाठवलं. किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेतच होता. 1905 मध्ये मिरजेच्या रंगमंचावर तो शकुंतला म्हणून उभा राहिला आणि महाराष्ट्राला बालगंधर्व मिळाले.

दर्ग्याजवळच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी कानस घासल्याचा आवाज येतो, मग ओल्या लाकडाचा आणि लाखेचा वास. छताला, माडीवर, जिन्याखाली भोपळे टांगलेले असतात. ही कला इथं रुजली 1850 च्या सुमारास. हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या, शस्त्रांचं काम आटलं. त्याच वेळी मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारात गवई आणि बीनकार येत होते आणि त्यांची वाद्यं बिघडली की दुरुस्त करायला जवळपास कुणी नव्हतं. फरीदसाहेब या शिकलगारानं ते काम हाती घेतलं, आधी दुरुस्ती, मग नवं वाद्य. आज भारतात कुठंही मैफलीत मागे दोन तंबोरे लागलेले दिसले, तर ते मिरजेचे असण्याची शक्यता फार मोठी आहे.

तंबोऱ्याचा भोपळा खायचा नसतो, तो कडू भोपळा. तो येतो भीमाकाठावरून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. कारागीर शेतात जाऊन तो निवडतो. घेर, गोलाई, सालीची जाडी बघतो, बोटानं वाजवून बघतो. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला 50 इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो आणि असा निर्दोष भोपळा पिकात मोजकाच निघतो. पुरा वाळल्यावर तो कापतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर खरवडून काढतात आणि काड्यांचा आधार देऊन हवा तो आकार धरायला लावतात. मग लाकूड, बहुतेक तूणीचं. दांडी पोकळ कोरायची, गळ्याशी सांधायची, वर तबली बसवायची. सांधा डोळ्याला दिसला नाही तरी कानाला कळतो. मग नक्षी, पॉलिश, खुंट्या, घोडी, तारा. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी असायची, आता ती बंद झाली हे चांगलंच झालं.

हे सगळं झालं तरी वाद्य अजून मुकंच असतं. त्याला बोलतं करायचं काम जवारीचं. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीनं इतका हळू उतरवत न्यायचा की तार सुटताना त्याला एका रेषेत हलकेच घासून जाईल. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, पुढे-मागे, केसाइतका. एका क्षणी आवाज उघडतो. पंचमाची तार छेडली तर तिच्यातून निषाद ऐकू येतो, खर्जाच्या तारेतून गांधार झरायला लागतो. तंबोऱ्यावर गांधाराची तार बांधलेलीच नसते, तरी तो स्वर खोलीभर असतो. हे काम यंत्रानं होत नाही, मोजपट्टीनं होत नाही, आणि बहुतेक कारागीर ते बापाच्या शेजारी बसून कानानं शिकलेले असतात. मिरजेत येऊन एकच गोष्ट करायची असेल तर जवारी लावली जात असताना दुकानाच्या पायरीवर बसावं. कारागिराशी बोलू नये, तो तेव्हा ऐकत असतो.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, दुसऱ्या गावच्या मालावर मिरजेचं नाव लावून विकणाऱ्यांना त्यानं आळा बसेल. पण नावाला संरक्षण मिळालं म्हणून मजुरी वाढत नाही. बहुतेक गायक आता सरावाला विजेचा तंबोरा नाहीतर मोबाइलवरचं ॲप वापरतात, चांगलं लाकूड महाग झालंय, आणि मुलगा शिकला की त्याला नोकरी हवी असते. त्याला दोष कसा द्यायचा? ज्या हातांवर किराणा, ग्वाल्हेर, जयपूर सगळी घराणी उभी आहेत, त्यांचं नाव कुठल्याच मैफलीच्या पत्रिकेवर छापलं जात नाही. तबलजीचं असतं, पेटीवाल्याचं असतं, ध्वनिव्यवस्था करणाऱ्याचंही असतं. तंबोरा कुणी केला तेही एका ओळीत छापावं, अशी माझी सगळ्या संगीत मंडळांना विनंती आहे. त्याला काही खर्च येत नाही.

सतारमेकर गल्लीतून चार पावलांवर ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. इथल्या उरुसात चर्मकार समाजाला गलेफाचा, म्हणजे चादर चढवण्याचा, मान असतो. आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ इथलेच झाले. उत्तरेतल्या कैराण्यात जन्मलेला हा गवई फिरत फिरत दक्षिणेत आला आणि मिरजेत रमला. दर्ग्यावर त्यांची अपार श्रद्धा होती. स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात, त्यामुळे सतारमेकरांच्या दुकानात त्यांचं बसणं-उठणं. सुरांत विरघळून जाणारं किराणा घराण्याचं त्यांचं गाणं आणि मिरजेच्या तंबोऱ्याची ती भरलेली आस, या दोन गोष्टी एकमेकांच्या शेजारी वाढल्या. हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या. सवाई गंधर्व खाँसाहेबांचे शिष्य आणि त्यांच्याकडून ती परंपरा भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत गेली.

1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब रेल्वेनं पुद्दुचेरीला निघाले होते, अरविंदाश्रमाच्या निमंत्रणावरून. वाटेत प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावर बिछाना घातला गेला. तंबोरा लावून घेऊन त्यांनी दरबारी कानड्यात ईश्वराची आळवणी केली आणि 27 ऑक्टोबरला तिथंच प्राण सोडला. समुद्रकाठचं ते गाव त्यांना गाठता आलं नाही. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं.

तेव्हापासून उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली कलावंत बसतात. मोठ्यातला मोठा गवई इथं हजेरी लावायला येतो, ते सेवा म्हणून. समोर हमाल, रिक्षावाले, डॉक्टर, गल्लीतले कारागीर मांडीला मांडी लावून बसलेले असतात. सूर जरा हलला तर पहिल्यांदा मान फिरते ती सतारमेकराची. आणि नवरात्रात याच गावात अंबाबाईच्या देवळात संगीतमहोत्सव होतो, तिथंही बरेचसे तेच श्रोते. दर्गा आणि देऊळ दोन्ही ठिकाणी एकच तंबोरा लागतो. याबद्दल मिरजकर भाषणं करत नाहीत, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. याही गावानं दंगल पाहिली आहे, तरी सभा थांबलेली नाही, हे मात्र मी मुद्दाम सांगतो.

कधी यावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. पावसाळा ओसरल्यावर. नवरात्रात मिरजेला अंबाबाईच्या देवळात रात्री बसायचं. 27 ऑक्टोबर, खाँसाहेबांची पुण्यतिथी, दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे येते, त्या दिवशी दर्ग्यात जाऊन यायचं. 5 नोव्हेंबरला सांगलीत भावे नाट्यमंदिरात रंगभूमीचं पूजन. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपूरपर्यंत चालत जायचं. जेवायला कुणाच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही, कृष्णाकाठच्या वांग्यांची चव खाणावळीत तशी उतरत नाही. उरुसाची तारीख चंद्रावर ठरते, ती आधी विचारून घ्यावी. आणि जानेवारीपर्यंत थांबता आलं तर संक्रांतीला औदुंबरला जावं. दत्ताच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं हे नदीकाठचं छोटं गाव. कवी सुधांशू इथले. त्यांच्या पिढीनं सुरू केलेलं साहित्य संमेलन दर संक्रांतीला तिथं भरतं. निमंत्रित पाहुणे असतात, पण खरी मजा कविसंमेलनाची. पलूस-तासगावचे शेतकरी, शाळामास्तर, कॉलेजातल्या मुली वहीतून नाहीतर फोनवरून आपली कविता वाचतात, आणि शेजारच्या गावातून तिळगूळ घेऊन आलेली माणसं ती शेवटपर्यंत ऐकतात.